अकरा दिवसांची विहीर

शुक्रवार, ३० जानेवारी १९२५. सकाळी दहाचा सुमार

केंटकी राज्यात केव्ह सिटी गावाजवळ बी डॉयल नावाच्या शेतकऱ्याच्या रानात एक कपार होती. वर छपरासारखा पुढे आलेला वालुकाश्माचा कातळ, खाली झिरपणारं पाणी, आणि कातळाच्या पोटात माणूस जेमतेम सरपटत शिरेल एवढं बीळ. फ्लॉइड कॉलिन्स तीन आठवडे ते बीळ मोठं करत होता. कधी हातानं दगड उपसायचा, कधी पहार चालवायची, कधी सुरुंग उडवायचा. आजही तो आत शिरला. एकटाच, रॉकेलचा कंदील आणि दोर घेऊन.

हा माणूस नवखा नव्हता. ३७ वर्षांचा फ्लॉइड लहानपणापासून या टेकड्यांच्या पोटात हिंडलेला. १९१७ साली त्यानं आपल्याच घरच्या शेताखाली एक अप्रतिम गुहा शोधली होती. जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र फुलोऱ्यानं तिच्या भिंती मढलेल्या. तिला क्रिस्टल केव्ह नाव देऊन, तिकीट लावून कॉलिन्स कुटुंबानं ती लोकांसाठी खुली केली. पण गुहा पडली आडबाजूला, रस्ता वाईट, आणि तिच्या अलीकडेच वाटेत मॅमथ केव्ह. जगप्रसिद्ध मॅमथ केव्ह सोडून चिखल तुडवत पुढे कोण जाणार? म्हणून फ्लॉइड आता हमरस्त्याच्या कडेची जागा शोधत होता. डॉयल आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी त्याचा करार ठरला होता: गुहा सापडली तर वाटा.

त्या काळी या भागात गुहामालकांची अक्षरशः लढाई चालू होती. मॅमथच्या वाटेवर गणवेशासारखे कपडे घातलेली माणसं पर्यटकांच्या गाड्या अडवत, ‘मॅमथ आज बंद आहे’ म्हणून ठोकून देत आणि गाडी आपल्या गुहेकडे वळवून घेत. एसटी स्टँडवर लॉजवाल्यांच्या तावडीत सापडलेल्या कुणालाही हे चित्र नवीन वाटणार नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आपण मराठी माणसं गुहा म्हटलं की लेणी डोळ्यांपुढे आणतो. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, बेसाल्टचा. त्यात पाण्यानं मैलोन्‌मैल भुयारं होत नाहीत, म्हणून आपण छिन्नी-हातोडा घेऊन ती कोरली. केंटकीचा दगड चुनखडीचा. तिथे पाण्यानं लाखो वर्षांत भुयारं पोखरली आणि माणूस नंतर आत शिरला. शिरला तो मात्र खोदायलाच. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मूळ रहिवासी बोरूच्या मशाली घेऊन मॅमथच्या आत मैलोन्‌मैल जात आणि भिंतीवरचं जिप्सम खरवडून आणत. त्यांतल्या एकाविषयी शेवटी सांगतो. मग १८१२ साली अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बाहेरून येईनासा झाला. त्या काळी जगातला उत्तम सोरा आपल्या बिहार-बंगालचा, आणि तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत. मग मॅमथची माती कामी आली. सुमारे ७० गुलाम तिथे राबत होते. माती लाकडी हौदांत भरायची, वर पाणी सोडायचं, झिरपलेलं खारं पाणी पोकळ ओंडक्यांच्या नळांतून बाहेर न्यायचं आणि राखेच्या पाण्याबरोबर कढवून सोरा काढायचा. ते हौद आणि ते ओंडके आजही गुहेत आहेत. युद्ध संपलं, सोऱ्याचा भाव कोसळला, आणि १८१६च्या सुमारास खाणीची झाली प्रेक्षणीय जागा. म्हणजे माती संपली तरी खोदकाम थांबलं नव्हतं, आता पर्यटक खोदून काढायचे होते. डॉयलच्या रानात फ्लॉइड तेच करत होता.

शुक्रवार, दुपारकडे

आत काही वेळ काढून फ्लॉइड परत फिरला. कंदील मिणमिणायला लागला होता. वाट अशी: कपारीखालून सरपटत आत, मग एकामागून एक चिमट्या, आणि शेवटी एक तिरपी घसरण. ती इतकी अरुंद, की हात एकदा अंगालगत गेले की पुन्हा डोक्यापुढे आणणं मुश्कील. फ्लॉइड खालून वर येत होता, डोकं बाहेरच्या दिशेला, पायानं मागे रेटा देत. अशा एका रेट्यात त्याच्या पायानं छतातला एक दगड सैल केला. दगड पडला तो डाव्या घोट्यावर, आणि घोटा भेगेत अडकला.

दगड छोटा होता. पण फ्लॉइडला वाकता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, हात पायापर्यंत पोचत नव्हता. सुटायला धडपडावं तर बाजूची वाळू-खडी ओघळून अंगाभोवती भरायची. थोड्या वेळात हातही जखडले. जमिनीखाली ५५ फूट, काळोख, तोंडावर टपटपणारं पाणी, आणि गुहेतली बारमाही १२ अंश सेल्सिअसची थंडी. कोरड्या माणसाला ही हवा सुखाची वाटते. भिजलेल्या आणि हलता न येणाऱ्या माणसाच्या अंगातली ऊब मात्र ती तासातासानं काढून घेते.

शनिवार, ३१ जानेवारी, सकाळ. २४ तास

फ्लॉइड रात्री परतला नाही म्हणून शेजारचे लोक कपारीपाशी आले. हाका मारल्या. एक १७ वर्षांचा पोरगा धीर करून आत सरपटत गेला आणि त्याला खालून उत्तर आलं. बातमी गावात, गावातून लुईव्हिल शहरात.

दुपारनंतर धाकटा भाऊ होमर पोचला. बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. जो तो तोंडापर्यंत जाऊन, डोकावून, मान हलवत परत येत होता. होमर थेट आत शिरला, चिखलात घसरत भावाच्या तोंडापर्यंत पोचला. त्यानं आपल्या हातानं त्याला सॉसेजची सँडविचं भरवली, कॉफी पाजली. मग रात्रभर तो खडी उपसत राहिला. उपसायची म्हणजे काय, तर डोकं खाली-पाय वर अशा अवस्थेत लटकायचं, भावाच्या खांद्यापाशी मूठभर खडी उकरायची, डब्यात भरायची आणि डबा मागच्याच्या हाती द्यायचा. डबा वर जाईपर्यंत दुसरी मूठ खाली घरंगळलेली असायची.

या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. फ्लॉइडपर्यंत पोचता येत होतं, त्याच्या पायापर्यंत पोचता येत नव्हतं. वाट एकच आणि ती त्याच्या डोक्याकडून येणारी. त्या वाटेत बुचासारखा तो स्वतःच बसलेला. पाय कापून काढायचा म्हटला, तरी आधी पायापर्यंत हात जायला हवा.

रविवार, १ फेब्रुवारी. ४८ तास

गर्दी वाढली. गावठी दारूच्या बाटल्या फिरू लागल्या (अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, हे लक्षात घ्या). आत जाऊन आल्याच्या बढाया मारणारे पुष्कळ. फ्लॉइडसाठी पाठवलेलं खाणं आणि पांघरुणं त्याच्यापर्यंत न पोचताच वाटेतल्या भेगांत कोंबलेली नंतर सापडली. माणसं अर्ध्या वाटेत घाबरत, हातातलं तिथेच टाकत आणि वर येऊन ‘दिलं’ म्हणून सांगत.

सोमवार, २ फेब्रुवारी. ७२ तास उलटून गेलेले

लुईव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ या दैनिकाचा २१ वर्षांचा बातमीदार विल्यम मिलर आला. अंगानं इतका किरकोळ की त्याला डास या अर्थी ‘स्कीट्स’ म्हणत. मुलाखत मागितली, तेव्हा होमरनं त्याला भुयाराचं तोंड दाखवलं: माहिती हवी तर आत जा. मिलर गेला. त्याला गुहांचा काडीचा अनुभव नव्हता. घसरणीवरून डोक्यावर खाली येताना त्याचं अंग ओल्या, मऊ कशावर तरी आपटलं, आणि ते कण्हलं. तो फ्लॉइड होता.

मिलरच्या बातम्या देशभर छापून आल्या. पण मला त्याचं कौतुक बातम्यांपेक्षा दुसऱ्या गोष्टीसाठी वाटतं. एकदा बातमी मिळाल्यावर तो पुन्हा आत गेला. मग पुन्हा. या वेळी खडी उपसायला, दूध-कॉफी पाजायला. कॅमेरा घेऊन खड्ड्याच्या काठावर उभं राहणं आपण पुष्कळ पाहिलं आहे. हा खड्ड्यात उतरला.

त्याच संध्याकाळी लुईव्हिल अग्निशमन दलाचा लेफ्टनंट रॉबर्ट बर्डन यानं दोराचा उपाय काढला. फ्लॉइडच्या छातीभोवती पट्टे बांधायचे, दोर वाटेतून बाहेरपर्यंत आणायचा आणि माणसांनी ओढायचं. पाय तुटला तर तुटला, जीव वाचेल. दोर ताणला. आतून किंकाळ्या येऊ लागल्या. होमरनं थांबायला लावलं. पाय जागचा हलला नाही, उलट आधीच गळून गेलेल्या माणसाच्या अंगाला जबर हिसके बसले.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. शंभरी भरत आली

आता सूत्रं आली जॉनी जेराल्डकडे. हा फ्लॉइडचा मित्र, गुहांत वावरलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बघे बाहेर काढा, आत मोजकी जाणती माणसं ठेवा, वाट टेकू देऊन सांभाळा आणि खडी सावकाश काढा. त्याच्या हाताखाली काम पुढे सरकलंही. फ्लॉइडचे हात मोकळे झाले. वीज खेचून आत दिव्यांची माळ सोडली. एक दिवा फ्लॉइडच्या अंगापाशी ठेवला. उजेडासाठी, आणि त्याहून जास्त उबेसाठी.

रात्री मिलर पुन्हा खाली गेला. या खेपेला पहार आणि जॅक घेऊन. बेत असा: फ्लॉइडच्या अंगावरून हात लांबवून, जागा चाचपत, पहारीचं टोक त्या दगडाखाली सरकवायचं आणि पहारीच्या दुसऱ्या टोकाला जॅकनं रेटा द्यायचा. जॅक लहान पडत होता, म्हणून मधल्या फटीत लाकडाचे ठोकळे. मिलरचं अर्धं अंग फ्लॉइडच्या अंगावर, तोंडाशी तोंड, हात दिसत नाही अशा ठिकाणी. जॅकचे आटे फिरू लागले. दगड हलला. फ्लॉइडला तो हलल्याचं घोट्यावर जाणवलं आणि त्यानं मिलरला तसं सांगितलं. एवढ्यात ठोकळा निसटला. पुन्हा रचले, पुन्हा फिरवला, पुन्हा निसटले. दर खेपेस थोडं कमी बळ. शेवटी मिलरचे हात चालेनात आणि त्याला वर यावं लागलं.

पुढचे तेरा दिवस जे काही झालं ते झालं, पण माझ्या मते फ्लॉइड कॉलिन्स वाचण्याची खरी संधी ही एकच रात्र होती. नीट बसणारा एक ठोकळा हवा होता.

बुधवार, ४ फेब्रुवारी. १२० तासांच्या आसपास

वाट ढासळली. फ्लॉइडच्या अलीकडचं छत खाली आलं आणि फ्लॉइडकडे जाणारी एकुलती एक फट दगड-मातीनं बुजली. त्याचा आवाज पलीकडून येत होता, पण आता त्याच्यापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, हात नाही.

हे का झालं? डॉयलच्या रानातल्या या गुहेचा, सँड केव्हचा, वरचा भाग म्हणजे अखंड चुनखडी नव्हे. दरीच्या काठावर कोसळून साचलेल्या दगडांचा आणि ओल्या मातीचा तो ढीग. हिवाळ्यात थंडीनं तो घट्ट धरून होता. पाच दिवस माणसं सतत आतबाहेर सरपटत होती, त्यांच्या अंगाची ऊब, त्यांच्या दिव्यांची ऊब, वर बघ्यांनी पेटवलेल्या शेकोट्या, त्यानं वितळून झिरपणारं बर्फाचं पाणी. गोठलेली माती सैल पडली. वाचवायला आणि बघायला जमलेल्यांनीच ती वितळवली, असं म्हटलं तर कठोर वाटेल, पण ते खरं आहे.

जेराल्डनं ढिगारा फोडून पुढे जायचा प्रयत्न केला. पुन्हा माती आली. गुरुवारी पहाटेपर्यंत ती वाट सोडून द्यावी लागली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी, दुपारी दीड. १४७ तास

आता गुहावाले मागे आणि खाणवाले पुढे. राज्याचे उपराज्यपाल हेन्री डेनहार्ट नॅशनल गार्डचे शिपाई घेऊन आले होते. कामाची जबाबदारी पडली केंटकी रॉक अस्फाल्ट कंपनीच्या हेन्री कार्मायकेल यांच्यावर. त्यांनी कपारीच्या वरच्या अंगाला विहीर खणायला घेतली. साधारण सहा फूट चौरस, ५५ फूट खोल, मग तळाशी आडवं भुयार काढून फ्लॉइडला गाठायचं. अंदाज: ३० तास.

गुहेचा माणूस आणि खाणीचा माणूस यांच्यात फरक असतो. गुहेतला माणूस दगड जिथून जाऊ देईल तिथून जातो. अंग आकसून घेतो, श्वास सोडतो, एकेक इंच सरकतो. खाणवाला आपली वाट आपण पाडतो आणि पाडलेल्या वाटेला लाकडाचे टेकू देतो. जेराल्डला विहिरीवर विश्वास नव्हता आणि खाणवाल्यांना जेराल्डच्या बिळावर. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. चूक झाली ती ही की दोन्ही कामं एकामागून एक झाली. रविवारी, पहिल्या दोन दिवसांतच, बिळातून प्रयत्न चालू ठेवून विहिरीलाही हात घातला असता तर? विहिरीला प्रत्यक्षात ११ दिवस लागले. १ तारखेपासून ११ दिवस मोजा. १२ तारीख येते. ही तारीख ध्यानात ठेवा.

सुरुंग लावता येईना, कारण हादऱ्यानं खालचा ढीग पुन्हा बसला असता. यंत्रंही त्याच कारणानं बाजूला. मग टिकाव, फावडी, बादल्या आणि पाळीपाळीनं खाली उतरणारी माणसं. वरची माती मऊ निघाली, मग लागले मोठाले दगड, त्यांच्यामधून पाणी. भिंती आत सरकू लागल्या. जितकं खणावं तितकं टेकू लावण्यात जाई.

२०२३च्या नोव्हेंबरात उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते, तेव्हा मला हीच विहीर आठवत होती. तिथेही अजस्र यंत्र मोडून पडलं आणि शेवटचा टप्पा दिल्लीकडून आलेल्या ‘रॅट मायनर्स’नी हातानं खोदला. ४१च्या ४१ जण जिवंत बाहेर आले. फरक एवढाच की तिथे पहिल्यापासून पाइपातून हवा आणि खाणं आत जात होतं, आणि आतल्यांना चालता-फिरता येत होतं.

रविवार, ८ फेब्रुवारी. ९ दिवस

लोक या दिवसाला पुढे ‘कार्निव्हल संडे’ म्हणू लागले. हजारो माणसं आली. आकडे कुणी दहा हजार सांगतं, कुणी त्याच्या कितीतरी पट. गाड्यांच्या रांगा मैलोन्‌मैल. सॉसेजवाले, सफरचंदवाले, फुगेवाले, प्रवचन करणारे. बातमीदार तर इतके की छायाचित्रांच्या निगेटिव्ह शहरात पोचवायला विमानं येत होती. त्यांतला एक तरुण वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. दोनच वर्षांनी तो एकट्यानं अटलांटिक ओलांडणार होता, पण त्या दिवशी त्याला कुणी ओळखत नव्हतं.

गर्दीत फ्लॉइडचे वडील ली कॉलिन्स फिरत होते. हातात क्रिस्टल केव्हची जाहिरातपत्रकं. पोरगं ५५ फूट खाली आणि बाप पत्रकं वाटतोय, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मला त्या म्हाताऱ्याला लगेच दोषी धरवत नाही. त्या डोंगरात गुहेशिवाय पैशाचा दुसरा मार्ग नव्हता. मुलगाही त्यापायीच खाली होता.

मंगळवार, १० फेब्रुवारी. ११ दिवस

अफवा पसरली की फ्लॉइड खाली नाहीच. सगळं जाहिरातीसाठी रचलेलं, तो रात्री दुसऱ्या तोंडानं बाहेर येऊन जेवून जातो. दुसरी अफवा याच्या उलट: जेराल्डनं मुद्दाम त्याला वाचू दिलं नाही. डेनहार्ट यांनी लष्करी चौकशी बसवली. मिलरची साक्ष झाली, होमरची झाली. निष्पन्न काही झालं नाही.

विहिरीपाशी मात्र एक साधी युक्ती चालली होती. फ्लॉइडजवळ सोडलेल्या दिव्याची तार अजून वर येत होती. त्या तारेला ध्वनिवर्धक जोडून तंत्रज्ञ कान लावून बसले. खाली अंग हललं की दिव्याची जोडणी हलायची आणि तारेत खरखर उमटायची. कित्येक दिवस त्या खरखरीवरून ‘आहे, अजून आहे’ असं म्हणत वर माणसं खणत होती.

मग पाऊस आला. विहिरीच्या भिंतीतून पाणी ठिबकू लागलं, तळाशी चिखल. वेग तासाला फूटभरही राहिला नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. १४ दिवस

डॉक्टरांनी नंतर मृत्यूची जी तारीख सर्वांत संभवनीय धरली, ती ही. भूक, थंडी, शिणवटा. वर कुणालाही याची कल्पना नव्हती. त्या दिवशीही बादल्या वर येत होत्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपार. १७ दिवस

तळातून काढलेलं आडवं भुयार आतल्या पोकळीत निघालं. एड ब्रेनर नावाचा सिनसिनाटीचा अंगानं बारीक खाणकामगार पुढे उतरला. दिव्याच्या उजेडात त्याला चेहरा दिसला. अंग थंड होतं.

पाय अजूनही दगडाखालीच होता, आणि विहीर केव्हा बसेल याचा नेम नव्हता. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं घालवायची नाहीत, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी काठावर प्रार्थना झाली आणि विहीर बुजवली.

त्यानंतर

घरच्यांना हे मान्य नव्हतं. एप्रिलमध्ये खाणकामगारांनी विहीर पुन्हा उपसली, दुसऱ्या बाजूनं भुयार काढलं आणि मृतदेह बाहेर आणला. बरोबर तो दगडही वर आला. त्याचं वजन भरलं सुमारे १२ किलो. दहा किलोच्या आट्याच्या पिशवीहून थोडं जास्त.

मिलरला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानाला अमेरिकी काँग्रेसनं मंजुरी दिली, ते प्रत्यक्षात आलं १९४१ साली. मधल्या काळात गुहामालकांची लढाई चालूच होती आणि तीत फ्लॉइडही सुटला नाही. १९२७ साली वडिलांनी क्रिस्टल केव्ह विकली. नव्या मालकानं थडग्यातून फ्लॉइडला उकरून काढलं, काचेच्या झाकणाच्या शवपेटीत घातलं आणि गुहेच्या आत पर्यटकांसाठी मांडलं. १९२९ साली कुणीतरी तो देह पळवला. देह सापडला, डावा पाय सापडला नाही. मग पेटीला साखळी घातली. शेवटी १९८९ साली चर्चच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

१९७२ साली शोधकांच्या एका तुकडीला फ्लिंट रिजच्या, म्हणजे फ्लॉइडच्या क्रिस्टल केव्हच्या बाजूच्या भुयारांतून पाण्यातल्या वाटेनं मॅमथमध्ये जाता आलं. म्हणजे कॉलिन्सांची गुहा आणि जगप्रसिद्ध मॅमथ ही मुळात एकच गुहा निघाली. तिचा आजवर मोजलेला पसारा ४२० मैलांच्या पुढे आहे. जगात याहून लांब गुहा नाही.

आणि तो जिप्सम खरवडणारा. १९३५ साली, फ्लॉइडनंतर दहा वर्षांनी, मॅमथच्या एका दूरच्या भागात वाटाड्यांना एक माणूस सापडला. कोरड्या हवेत वाळून राहिलेला, काही टनांच्या शिळेखाली दबलेला, शेजारी त्याच्या मशालीचे बोरू. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी खोदता खोदता शिळा त्याच्या अंगावर आली होती. त्यालाही काचेच्या पेटीत घालून काही दशकं पर्यटकांना दाखवत होते. आता तो गुहेतच, लोकांच्या नजरेआड ठेवलेला आहे.